लाभ

ऊन मोजायचं नव्हतं मला.
ते दर क्षणाला वेगळंच असतं.
मला ते साठवायचं होतं.

"पानाला इचार की," बाळगोंडाकाका म्हणाले,
तंबाखूचं एक पान कानापाशी नेऊन चुरगळलं :
"अजून दीड दिस."
निपाणीच्या माळावर त्या कानाएवढा
दुसरा मीटर नव्हता.
औंदा त्या कानात मशीन बसलंय
आणि मशीनला पानं ऐकू येत नाहीत,
फक्त माणसं.

म्हणून हा खटाटोप.
वाळवणाच्या कडेला उपड्या घमेल्यावर
तांदळाएवढा फोटोडायोड, एक ऑप-अँप,
दहा मेगाओहमचा रेझिस्टर, थेंबथेंब सोडणाऱ्या तोटीसारखा,
आणि कपॅसिटर, ज्याच्याबद्दल
बेळगावच्या दुकानदारानं शपथ घेतली :
"सोरंगिल्ल री."
गळत नाही म्हणे.
सगळंच गळतं. कशाला वेळ लागतो, एवढंच.

पहिल्या दिवशी ऊन चढेल तसं
व्होल्टेज खाली, खाली.
"काय करालीस गं? सूर्व्याला रिवर्स गेर घातलास?"
म्हटलं, याची रीतच तशी,
जे मिळेल त्याला वजाचं चिन्ह लावून ठेवतो.
"आमच्या थोरल्यागत," काका म्हणाले.

रात्री डायोडवर काळी चिंधी बांधली.
आवक शून्य.
तरी पहाटेपर्यंत काटा बोटभर सरकलेला.
कुणी काही दिलं नसताना
काहीतरी जमतच राहिलं होतं.
पुस्तकात त्याला ऑफसेट म्हणतात.
आमच्या घरात त्याला अजून नाव नाही.

चार रात्री एकच स्क्रू,
केसभर इकडे, केसभर तिकडे.
शेवटी काटा थांबला.
म्हणजे, जवळजवळ.

मग रिले जोडला. भांडं काठोकाठ भरलं की
खट्,
आणि परत शून्यापासून.

सकाळी पहिली खट् झाली.
मी वहीत एक लिहिणार, तेवढ्यात काका ओरडले,
जोंधळ्याचं पहिलं माप ओतताना ओरडतात तसे :
"लाभ!"
एक म्हणायचं नसतं.

दोन.
तीन.
ढग आला, चार लांबलं.
काकांनी कानातलं मशीन काढून खिशात टाकलं
आणि तळहात घमेल्यावर सपाट ठेवला.
मी सांगायच्या आधीच
त्यांची मान हलली.

चौथ्या दुपारी, दोनशे बाराव्या खटीला
त्यांनी एक पान उचललं, चुरगळलं,
या वेळी माझ्या कानाशी धरून.
"ऐकलीस? आत्ता झालं."

मला काही वेगळं ऐकू आलं नाही.
वहीत लिहिलं, २१२.