परवाना परत केल्यावर

मार्चमध्ये ठाण्यात जाऊन परवाना परत केला.
काउंटरवरच्या मुलीने त्याला भोक पाडलं,
दोन्ही हातांनी मलाच परत दिला, आठवण म्हणून,
वर बसचं सवलतीचं कार्ड.
एकेचाळीस वर्षं नुमाझूत टॅक्सी चालवली.
खरं सांगायचं तर, बस मला लागते.

एप्रिलमध्ये तोकिवाबाईंच्या दुकानात शिरलो.
खिशात पंधरा हजार येन,
त्यातल्या तीन हजारांचा बायकोला पत्ता नाही.
म्हटलं, रिमोटची गाडी हवी. शर्यतीची नको.
मासे सुकवायच्या जाळ्यांपासून
टपालपेटीपर्यंत,
घरासमोरचा तेवढाच रस्ता.

त्यांनी तीन खोकी काढली.
पहिली बग्गी. उंच, चाकांना काटे.
"डांबरावर काटे महिन्यात झिजतात,
आणि वेगात वळली की कोलांटी खाते."
थोडक्यात, माझा मेहुणा.
दुसरीचे टायर गुळगुळीत, कडक,
मुद्दाम घसरण्यासाठी केलेले.
बाई, न घसरण्याचेच तर पैसे घेतले मी आयुष्यभर.
तिसरी साधी. चारही चाकांना जोर,
मधून एक दांडा, जमिनीपासून पाच मिलिमीटर वर.
खडा आला तर पोट घासणार. घासू दे.

साडेआठ हजार, म्हणाल्या,
आणि शेजारी एकेक ठेवत गेल्या:
रिमोट वेगळा, बॅटरी वेगळी,
चार्जर, रंग, चाकं वळवणारी ती काळी डबी.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
आणि कोंबडीसुद्धा सुटी सुटी, पिशव्यांत.
मी पैसे मोजले. पुन्हा मोजले.
त्या आत गेल्या, एक जुना रिमोट घेऊन आल्या.
कॉलेजला गेलेल्या कुणा पोराचा,
पाठीवर चिकटपट्टी: कानामे.
"बेअरिंग नंतर घ्या. प्लास्टिकचे बुश वर्षभर जातील.
आधी चालवा तर खरं."
चौदा हजार आठशे सत्तर.
उरलेल्या पैशांत मी बायकोसाठी बीनचा केक घेतला,
म्हणजे गुन्हा कबूलच केला.

तीन संध्याकाळी लागल्या.
स्क्रू माझ्या बोटांतून निसटायचे.
त्सुरुएने काही न बोलता चिमटा हातात घेतला.
पतसंस्थेत तीस वर्षं नोटा मोजलेली बोटं,
डिफरन्शियलच्या इवल्या दात्यांना
तिने ग्रीस असं लावलं
की एकाला जास्त, एकाला कमी, असं झालं नाही.

वरचं कवच पारदर्शक. रंग आतून द्यायचा.
आणि उलट क्रमाने:
जो पट्टा सगळ्यांत वर दिसायचा
तो आधी.
"कुठला रंग?" तिने विचारलं, ठाऊक असून.
गडद हिरवा. साय-रंगाची एक रेघ.

रविवारी सकाळी रस्ता रिकामा होता.
गाडी लांब जाते तोवर सगळं ठीक.
ती माझ्याकडे वळली, आणि
माझं डावं तिचं उजवं झालं.
एकेचाळीस वर्षांत एक ओरखडा नाही,
आणि पहिल्या चार मिनिटांत
सेनोबाईंच्या बांगड्यांच्या जाळीखाली अडकली.
त्या हसल्या नाहीत. हे जास्त लागलं.

कोपऱ्यावर एक शाळकरी मुलगी सायकल धरून उभी.
म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाहेर उभे आहात.
आत बसा ना."

बसलो.
सावकाश, दुसऱ्या गियरात असल्यासारखा,
खड्डा टाळून, गटाराचं झाकण टाळून
टपालपेटीपाशी बरोबर कडेला लावली.
मागचं डावं दार पेटीसमोर.
आणि माझा उजवा हात
रिमोटच्या चाकावरून सुटून
मांडीशेजारी खाली गेला,
तिथे नसलेल्या दांडीकडे,
गिऱ्हाइकाला दार उघडायला.