पंधरा डॉलर

सगळे वर्नेल ट्राहांबद्दल विचारतात.
मी त्याच्यामागे स्टील गिटार वाजवायचो,
म्हणजे वाद्य मांडीवर, मान खाली.
मान खाली घालायची सवय वाद्यामुळे लागली,
असं मी बायकोला सांगत आलो.

लुइझियाना, सहासष्ट साल. भाताच्या गिरणीसमोर
हार्डवेअरच्या दुकानामागची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले.
सकाळी तिथे काळी माणसं गायची.
अकराला ती मागच्या दारानं जायची,
आम्ही पुढच्या दारानं यायचो.
माइक एकच.
वर्नेल त्याची जाळी रुमालानं पुसायचा,
मग गायचा.

काय गायचा, ते इथे लिहिणार नाही.
शाळेबद्दल असायचं. बसमधून उतरणाऱ्या
एका पोरीच्या वेण्यांबद्दल.
यमकं झकास जुळायची, तीच तर भानगड.
माणूस आधी हसतो,
हसून झाल्यावर कोण विचारतंय, कशाला हसलो?

तबकडीवर नाव खोटं.
उभ्या जमातीला नावं ठेवणाऱ्यानं
स्वतःचं नाव तेवढं ठेवलं नाही.
पेट्रोल पंपावर काउंटरखाली मिळायची ती,
तपकिरी पिशवीत, दारूसारखी.
मला गाण्यामागे पंधरा डॉलर.
त्यात लेकीचे शाळेचे बूट आले.

एरवी तो गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा.
मिसेस सेंट-ज्युलियनचं यंत्र फुकट.
त्या काळ्या होत्या.
हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा सैल पडतो,
म्हणून हल्ली सांगत नाही.
आत्ता सांगितलं, ते सोडून द्या.

चालसुद्धा त्याची नव्हती.
तिच्या नवऱ्यानं, ओनेझिमनं,
भाताच्या बांधावर बसून
दहा वर्षांच्या वर्नेलला शिकवली होती ती.
फ्रेंचमध्ये होती, हरवलेल्या घोडीबद्दल.
एवढंच गाणं:
घोडी गेली, दावं राहिलं.

म्हातारपणी लांबून पोरं यायची,
डोकी भादरलेली, काखेत त्या तबकड्या.
वर्नेल सही करायचा, वीस डॉलर घेऊन,
तेव्हा मात्र खऱ्या नावानं.
हात कापायचा. पोरांना वाटायचं, भावनेनं.

त्याच्या मयताला फादर म्हणाले,
वाजव काहीतरी, शब्द नकोत.
मी बसलो, आणि बोटं आपसूक
त्याच चालीवर गेली.
खरंच आपसूक? असेल. साठ वर्षं झाली.
पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांचे ओठ हलू लागले असणार,
कुजबुज ऐकू आली.
मागे, दाराजवळ, काठी टेकून
मिसेस सेंट-ज्युलियन आल्या होत्या.
का, ते कोणाला विचारवलं नाही.

त्यांचेही ओठ हलले का,
आणि हलले तर कोणत्या शब्दांवर,
ते मला सांगता येणार नाही.
माझी मान खाली होती.