वाव

भूगोलाच्या बाई म्हणाल्या,
डोंगर कुठलाही असो, मोजतात समुद्रापासून.
शाळा सुटल्यावर धावत गेले तांबळडेगच्या पुळणीवर,
उजव्या अंगठ्याने रेघ ओढली:
हे शून्य.
लाट आली, घेऊन गेली.
पुन्हा ओढली. पुन्हा.
दिवेलागणीला आईने कान धरून घरी नेलं.

बापूस पाणी मोजायचा वावांनी.
शिशाचा गोळा, लांब दोरी, ठरल्या अंतरावर गाठी.
दोन्ही हात पसरले की एक वाव,
म्हणजे ज्याची त्याची छाती मध्ये आलीच.
त्याचं सगळ्यांत खोल पाणी चाळीस वाव.
त्यापुढे दोरीच नव्हती.

मनालीला गाठी शिकवल्या,
माझे हात आधीच करून मोकळे.
कुठे शिकलीस? जाळ्यात, म्हटलं.
साहेबांना वाटलं मी थट्टा करते.

मग पोस्टातली नोकरी, बिनपगारी रजा,
पतपेढीचं कर्ज, आईच्या दोन पाटल्या
(एक अजून सोडवायची आहे),
आणि सत्कार.
नारळाच्या गावात नारळ देऊन सत्कार!
पाहुणे म्हणायचे, मुलींना या क्षेत्रात भरपूर वाव आहे.
मी शालीच्या आत गुपचूप हात पसरून बघायची,
किती?

सॅकमध्ये सुकट न्यायचे.
पहिल्या रात्री पासांग तंबूबाहेर जाऊन बसला,
नाक धरून, उणे अठरात.
तिसऱ्या रात्री त्याने वाटी पुढे केली.

मनास्लूला दोनशे मीटर राहिले होते.
एकशे नऊ वाव.
ढग वर चढत आला
आणि मी वळले.
पेपरात आलं: धुरत यांना अपयश.
आमच्या रापणीत दोरीला ज्याने हात लावला त्याला वाटा,
उशिरा आलेल्याला, शाळकरी पोरालासुद्धा.
डोंगराला ही रीत माहीत नाही.
पेपराला तर नाहीच.

धौलागिरीवर अकरा मिनिटं मिळाली.
फोटो पाहिला असेल तुम्ही, बँकेच्या कॅलेंडरवर होता,
दोन्ही हात पसरलेली मी.
लोक म्हणतात, केवढा आनंद!
मी शेवटचा वाव घालत होते.
बापाच्या वावाहून चार बोटं कमी भरला,
हातमोजे धरून.

उतरताना उजवा पाय माझा राहिला नव्हता.
काठमांडूत अंगठा गेला, शेजारचं बोट गेलं.
डॉक्टर म्हणाला, नशीबवान आहात.
मी विचारलं, त्यांचं काय करता तुम्ही?
तो फाइलमध्ये बघत राहिला.

घरी बापूस खळ्यात जाळं शिवत होता.
पायाकडे बघितलं, बोलला नाही.
सुईत दोरा ओवला, मग,
"कितके वाव?"
गाडीतच हिशेब करून ठेवला होता.
चार हजार चारशे सहासष्ट.
बराच वेळ सुई चालत राहिली.
"तितक्यात नांगर लागूचो नाय," तो म्हणाला.
"परत कशी इलंस गो?"

इतक्या वर्षांत
हे कुणी विचारलं नव्हतं.

आता रापण क्वचित लागते.
मिनी ट्रॉलर रात्रीच सगळं घेऊन जातात, दिवे पाजळून.
लागलीच तर मीही उभी राहते दोरीला, शेवटून तिसरी.
अंगठा नसला की वाळू धरून ठेवत नाही,
मागे घसरते, शेजारची बायो कोपराने सावरते.
काल सात बांगडे आले वाट्याला,
एक कावळ्याने नेला.

पोरांना माझं पाऊल ओळखू येतं.
माग काढत येतात, आठ बोटांचा,
शिंपल्यांच्या ढिगापासून थेट पाण्यापर्यंत.
सगळ्यांत धाकटी, तेजल,
माझ्या ठशात आपला पाय ठेवून बघते.
केवढासा पाय.
तिचा अंगठा टेकतो
तिथे वाळू अजून कोरी असते.