हातचा एक

निळ्या पुठ्ठ्याच्या कार्डावर एकतीस चौकोन.
रोज एक भरायचा, महिनाअखेर तीस परत घ्यायचे,
पहिला माझा.
आपामच्या किनाऱ्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे,
तरी नवं गिऱ्हाईक आलं की मी बोट ठेवून दाखवतो :
हा माझा, बाई. हा हातचा.

अराबा क्वान्सिमाने पहिलं कार्ड घेतलं
तेव्हा एबो तिच्या पाठीला बांधलेला होता.
एका हाताने तिने नाणं दिलं,
दुसऱ्याने भट्टीवरचा मासा उलटला.
कार्डाला धुराचा वास लागला.
बावीस वर्षांत कार्डं बदलली,
वास तोच.

चौकोनांवरून मला घरं वाचता येतात.
एका दिवसात दोन भरले : हेरिंग आलेत.
सलग चार कोरे : ताप, नाहीतर बोट परतली नाही.
आणि महिना अर्धाच असताना
कुणी सायकलजवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं,
"आजच देतोस का, फिफी?"
तर शाळेने पोराला फाटकातून परत पाठवलंय.
मी विचारत नाही. मोजून देतो.

एका जुलैत नोटांवरची चार शून्यं गेली.
अराबाने जुनी नोट आणि नवी शेजारी शेजारी ठेवली.
"शून्यं कुणी खाल्ली?"
कुणीच नाही गं, दहा हजारांचा आता एक झाला, इतकंच.
"हे माशांना कळवलंय का?"

तिच्या वाईट हंगामात एकदा मी
माझा चौकोन सोडून दिला. तीसच्या जागी एकतीस हातावर ठेवले.
ती चिमटा घेऊन सायकलमागे धावली,
सगळ्या बाजारादेखत :
"मोठा दानशूर! तुझ्या मान्साची फी कोण भरतं रे?
माझाच चौकोन ना?"
खरं होतं.
दोनशे बायकांच्या पहिल्या चौकोनांवर माझी पोर नर्स झाली.
आता लीड्सला असते. रविवारी फोन करते,
विचारते, बाबा, अजून सायकलच?

एबो विन्नेबाला शिकला, अक्राला चिकटला, टाय लावू लागला.
आईला म्हणाला, रोखे घे, सरकारी आहेत, व्याज बघ.
तिने बघितलं.
"निम्मं तुझ्या कागदात. निम्मं फिफीच्या पुठ्ठ्यात."
त्या दिवशी माझा धंदा अर्धा झाला
आणि मी अभिनंदन केलं.

मग सरकारने तारखा पुढे ढकलल्या.
नेमकी तेव्हाच एबोच्या मुलीची फी.
तो शनिवारी आला, टाय नव्हता,
भट्टीपाशी उभा राहून डोळे चोळत होता, धुराने असेल.
अराबाने माझ्याकडून पुठ्ठ्याचे पैसे घेतले,
थुंकी लावून मोजले, त्याच्या खिशात कोंबले.
बोलली एवढंच :
"कागद चांगला होता हो. जाड होता."

हरमाटनच्या धुळीत, बारा तारखेला, ती गेली.
कार्डावर अकरा चौकोन.

मी पाकीट घेऊन गेलो.
अंगणात काळे-तांबडे कपडे, भाड्याच्या प्लास्टिक खुर्च्या,
एबोने बाजूला जाऊन नोटा मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
"मामा, अकरा होते ना?"

मी कार्ड उघडलं. पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं.
तो बघत राहिला त्या बोटाकडे,
मग एकदम हसला, तोंडावर हात धरून,
जसं मयताघरी हसू नये तसा.
ती असती तर चिमटा घेऊन धावली असती,
हे दोघांनाही माहीत होतं.

उरलेले वीस चौकोन कोरे आहेत.
घरी बिस्किटांचा एक डबा आहे, त्यात अशी कार्डं.
ठेवायला हवीत असा काही नियम नाही.