वरचं पान

हार्टफर्डला जानेवारीत साडेचारलाच अंधारतं.
एकविसाव्या मजल्यावरून नदी दिसते,
गोठलेली, मधोमध एक काळी भेग.
मी वेरोना डुहेनी. दारावर पाटी आहे:
विविधता, समता, समावेश.
तीन शब्द, एक टेबल, दोन माणसं,
त्यातला एक जूनपर्यंतच.

या कंपनीचा धंदा मरणाच्या अंदाजाचा.
कोण कितव्या वर्षी जाईल याचे तक्ते
पिढ्यान्‌पिढ्या इथं बिनचूक.
कोण कितव्या मजल्यापर्यंत पोचेल
हा तक्ता तेवढा कुणी मांडला नव्हता.
मी मांडला.
सातव्यापर्यंत सगळे रंग, सगळी आडनावं.
आठव्यापासून वर
नुसती साय.

दाखवला तेव्हा कुणीसं म्हणालं,
आलेख छान आहे, लाल जरा भडक वाटतो.
मी तो निळा केला.

वडील जमैकाहून आले ते तंबाखूच्या मळ्यात,
इथून गाडीनं अर्ध्या तासावर.
पांढऱ्या कापडाचा मांडव, मैलभर,
ऊन गाळून घ्यायला.
म्हणजे पान पातळ होतं, फिकट, मऊ,
एक डाग नाही.
ते चिरुटाचं वरचं पान.
"भाव त्याचाच," वडील म्हणायचे,
"आत काय भरलंय ते कोण उकलून बघतं?"
संध्याकाळी बोटांना लिंबू चोळायचे.
चीक जायचा नाही.

वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर
सलग चार वर्षं माझा फोटो आहे.

सोमवारी व्हिटकोम आले, दार लोटून घेतलं.
आवाज मऊ. "वेरोना, हवा बदललीय.
समता नको आता. आपलेपणा घाल.
आपलेपणाला कुणाची हरकत नसते."
एकशे त्रेचाळीस ठिकाणी होता तो शब्द.
शोधा, बदला, सगळीकडे.
एका टिचकीत झालं.
पान सत्त्याऐंशीवर मात्र असमता होती,
तिथं एक नवंच बाळ जन्माला आलं:
"वेतनातील अआपलेपणा".
मी एकटीच हसले, मोठ्यानं.
मग राहू दिला तसाच.

ऑक्टोबरातच, हवा बदलायच्या आधी,
एकसष्ट बायकांचे पगार सरळ केले होते.
हिशेबखात्यातला एमिल कोवाल्चिक विचारत होता,
कुठल्या नावाखाली टाकू?
म्हटलं, लिही, बेरजेतली दुरुस्ती.
त्यानं लिहिलं. मान वर केली नाही.
चुकलेल्या बेरजेवर कुणी भाषण करत नाही.

यादीत नावं चौसष्ट होती.
पैसे एकसष्टांपुरते.
कुणाला खाली ठेवायचं
ते मीच ठरवलं. पेन्सिलीनं,
जणू खोडता येणार होतं.

काल रात्री लिफ्टमध्ये इसाबेल फेलिसियानो.
दावे विभाग, चौथा मजला, एकोणीस वर्षं.
बर्फाचे बूट चढवलेले, हातात रिकामा डबा.
म्हणाली, "लेकीनं तुमचा फोटो कापून
फ्रिजवर लावलाय.
विचारते, तू हिला ओळखतेस खरंच?"

लिफ्ट उतरत राहिली.
मी हातमोजे घातले,
अजून आतच होतो तरी.