वाढपी

फ्राय बेंतोस. जुलै, म्हणजे इथला कडक हिवाळा.
नदीवरून येणारा वारा गॅरेजचा पत्रा
वाजवून बघतो, आत कुणी आहे का.
आहोत. मी, एल्बिओ,
आणि अठ्ठावनची मॉरिस मायनर, बॉनेट वर करून,
दाताच्या डॉक्टरसमोर बसल्यासारखी.

डिस्ट्रिब्युटर गेला.
एकदम नाही, माणसं जातात तसा:
आधी चढावर अडखळला, मग सकाळी उठेना,
मग दमट हवेत बोलायचंच सोडलं.
दांडा धरून बघितला तर
दुधाच्या दातासारखा हलतो.

स्वयंपाकघरात, पावाच्या चुऱ्यातच,
तीन मांडून ठेवलेत.

एक नवाकोरा. खोक्याला प्लास्टिकचा वास.
चेहरा हुबेहूब जुन्याचा, पण हाताला वजन लागत नाही.
दुकानदार म्हणाला, चालेल.
"चालेल" या एका शब्दावर मी आजवर
एक फ्रिज, दोन छपरं आणि एक जावई घेतलाय.

दुसरा बाल्दोमेरोच्या भंगारातला. अस्सल.
बुडावरचं साल अजून वाचता येतं.
ज्या गाडीतून काढला ती पायसांदूच्या रस्त्यावर
गाईला धडकली होती. गाय उठून चालू लागली म्हणे.
"बुश मी बसवून देतो," तो म्हणाला.
"पैसे नकोत. तुझी ती काळी कोंबडी दे."

तिसऱ्याच्या आत पॉइंटच नाहीत.
एक चुंबक, एक काळी वडी, दोन वायरी.
घासायचं काही नाही,
फटीत पत्ती सरकवून श्वास रोखायचा नाही.
इथे माझं घोडं अडलं.

कारण चाळीस वर्षं, दर रविवारी,
एल्बिओ कॅप उघडून वाकायचा.
इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा,
तेवढी फट, ना कमी ना जास्त.
लग्नाच्या वर्षी मला दाखवलं होतं त्याने:
"हा वाढपी. ताटं चार, पण ओळीने वाढत नाही.
पहिलं, तिसरं, चौथं, मग दुसरं.
कुणी उपाशी नाही, कुणाला दोनदा नाही."
(मला घरात हे कधी जमलं नाही.
धाकट्याला दोनदा पडायचंच.)

हल्ली पत्ती धरली की त्याचे हात थरथरतात.
मी बघते. मी बघते हे तो बघतो.
म्हणून मनाशी म्हटलं, गेली कोंबडी तर गेली,
जुनाच घेऊ,
त्याचा रविवार तरी शाबूत राहील.

त्याने तिन्ही उचलून पाहिले.
गाईवाल्याला जरा जास्त वेळ धरलं.
मग तिसरा माझ्याकडे सरकवला.
"हा."
"आणि रविवारी काय करशील?"
"नेलिदा, पहिली दहा वर्षं मी फट बघायचो.
पुढची तीस, तुझी आई जेवायला यायची म्हणून."

आई जाऊन सहा वर्षं झाली.
हिशोब मी काढला नाही.

बसवला मीच. टायमिंगचा दिवा आमच्याकडे नाही,
एल्बिओ आहे. हात खिशात, डोळे मिटलेले,
पंख्याच्या घरघरीपलीकडे कान.
मी बूड धरून फिरवते.
"मागे. अजून. आता केसभर."
फिरवलं.
"माझ्या केसाएवढं म्हटलं, तुझ्या नाही.
तुझा जाड आहे."
पुन्हा फिरवलं. इंजिन खोकलं, थबकलं,
आणि एकदम समजूत पटल्यासारखं चालू लागलं.
स्क्रू आवळताना माझी बोटं गारठून
त्याच्यासारखीच हलत होती.
तो काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी पावणेबाराला
तो उठून गॅरेजात गेला.
पत्र्याआडून क्लिपा सुटल्याचा आवाज,
एक, मग दुसरी.
आत बघण्यासारखं काही नाही.
तो पाऊण तास बघत होता.