शंभरात चार

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी
हडर्सफील्डच्या मेथडिस्ट चॅपलमागच्या हॉलमध्ये
आम्ही तिघं आजारी कॉम्प्युटरांची ओपीडी चालवतो.
किटलीशेजारचं टेबल नझीरभाईंचं, विंडोज.
खिडकीजवळ मात्र टोबायस, मॅकवाला.
रेडिएटर गळतो त्या कोपऱ्यात मी आणि लिनक्स.
हे जागावाटप कुणी केलं नाही. झालं.

बिस्किटांच्या डब्याच्या झाकणावर
नझीरभाई खडूने हिशोब ठेवतात,
चार उभ्या रेघा, एक आडवी.
दोन वाजेपर्यंत त्यांच्या नावापुढे जुड्याच जुड्या,
टोबायसच्या नावापुढे पाच,
माझ्या नावापुढे झाकणाचा गंज.

नझीरभाई कौन्सिलात एकतीस वर्षं होते.
म्हणतात, गर्दी खोटं बोलत नाही, मॅडम,
अख्खं यॉर्कशर जातं तोच रस्ता.
आणि मग स्वतःच निळ्या पडद्यासमोर बसून राहतात,
बहात्तर टक्के, बहात्तर टक्के,
चहावर साय धरेपर्यंत.

टोबायस फारसं बोलत नाही, पुसतो.
देवघरातलं ताम्हन पुसावं तसं हलक्या हाताने.
आत काय बिघडलंय विचारलं
तर म्हणतो, ते आपल्याला उघडता येत नाही.

आणि मी तिसऱ्या पक्षाची उमेदवार,
दर खेपेला अनामत जप्त
आणि तरी पत्रकं वाटणारी.

नोव्हेंबरात डोरीन ॲक्रॉइड आली.
चाकांच्या पिशवीत, लीकच्या जुडीखाली, लॅपटॉप.
म्हणाली, हा रोज सांगतो की मी आता जुना झालो,
नवं काही मला पेलणार नाही.
मी एकोणऐंशीची आहे. मी सांगत सुटते का?
नझीरभाईंनी तो उलटापालटा करून पाहिला
आणि गुमान माझ्या कोपऱ्याकडे बोट केलं.

पेनड्राइव्ह लावला. वीस मिनिटं होती हातात.
ती सांगत राहिली गिरणीचं :
मागावरून उतरलेलं कापड उजेडाशी धरायचं,
निसटलेला धागा बोटांनी हुडकायचा
आणि असा रफू करायचा
की सूट घालणाऱ्याला जन्मात कळू नये.
मी म्हटलं, हेही तसंच आहे,
ज्याला दिसेल त्याने रफू करावं.

किती जण वापरतात?
शंभरात चारेक.
बरंय की, ती म्हणाली,
रविवारी चॅपलमध्ये आम्ही अकरा असतो, ऑर्गनवाला धरून.
आणि तू मघाशी फोनवर बोललीस ती भाषा?
ह्या गावात? चार घरं. त्यातलं एक लीड्सला निघालंय.

का कोण जाणे, मला दाखवावंसं वाटलं.
यादी खाली, खाली, आणखी खाली नेली. मराठी.
एका हिवाळ्यात मी ह्यातले निम्मे मेनू लिहिले होते,
'अनडू'ला काय म्हणायचं ह्यावरून
साताऱ्याच्या एका कधी न भेटलेल्या माणसाशी
तीन आठवडे भांडले होते.
मी म्हणे 'मागे घ्या', तो म्हणे 'पूर्ववत'.
तो जिंकला. बघायला कुणी नव्हतं.

बाहेर पडून पुन्हा आत आलो तर सगळा पडदा देवनागरी.
डोरीनने चष्मा कपाळावर ढकलला,
नाक पडद्याला टेकेल इतकी वाकली,
शिरोरेषेवरून नख ओढत गेली
डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ,
आणि थांबली.
इथे दोरा तुटलाय, म्हणाली.

पूर्व वत.
मध्ये एक रिकामी जागा. नऊ वर्षं.

तिचा लॅपटॉप इंग्रजीत आणून दिला, पत्त्यांचा डाव लावून दिला.
नझीरभाईंनी माझ्या नावापुढे रेघ मारली.
गंजावर खडू उमटेना, दोनदा मारावी लागली.

रात्री दुरुस्ती पाठवली.
साताऱ्यात पहाट असावी, तरी चार मिनिटांत उत्तर :
मान्य. कुणाच्या लक्षात आलं?
मी लिहिलं, डोरीन ॲक्रॉइड, हडर्सफील्ड.
मराठी येत नाही.